कोंड्यावरचा कम्प्युटर

हसू नको गा. कोंडा हाय तो, धानाचा कोंडा – बजारात दुकान टाकून बसला म्हणून कोंडा वळखत नाई असं सोंग नको करू. टेबलावर सांडला तं सांडला, झाडून घे. मी काय मुद्दाम आत भरला का? मीनं डबा कोंड्यावर ठेवला होता – टोपल्यात कोंडा भरला, वरून पोतं अंथरलं, अन् त्याच्यावर हा कम्प्युटरचा डबा. काऊन म्हणजे? तू राह्यतो बजारात. आम्ही राह्यतो खदानीच्या कडेले. दुपारी खदानीचा भोंगा वाजला का आमच्या वस्तीतल्या बाया आधी फळीवरचे गंज-भांडे खाली उतरवतात, मंग लेकरं घराबाहेर काढतात, अन् मंग जमीन हालते – आवाज मागून येते, आधी पायाखाली समजते. भिंतीतली माती गळते, कौलं सरकतात, देवाचे फोटो तिरपे होतात. आता गंज उतरवता येतात, लेकरू कडेवर घेता येते, ह्या डब्याचं काय कराचं? त्याच्या पोटात तबकडी फिरत राह्यते अन् तिच्यावर सुई असते, हे तू आता सांगून राह्यला, मीनं आधीच वळखलं होतं, कानानं. ब्लास्टिंग झालं का आतून कट् कट् कराचा, थंडीनं दात वाजल्यावाणी. माह्या माहेरी, नागभीडकडं, कुंभाराचे मडके आणाचे तं बैलबंडीत कोंडा पसरतात अन् त्याच्यात मडके बसवतात. अख्खा रस्ता गचके खात येते बंडी, एक मडकं तडकत नाई. मंग मीनं डबा कोंड्यावर ठेवला तं काय वाईट केलं?

पंखा. बरं. पंखा कोंडा आत ओढते. हे मले कोणी सांगतलं होतं? इकणाऱ्यानं सांगाले नाई पाह्यजे का, का बाई, ह्याले कोंड्यावर ठेवू नका, भुशावर ठेवू नका? तुम्ही लोकं इकाच्या वेळी गोड गोड बोलता अन् बिघडलं का आमच्यावरच दात काढता.

खुर्ची काऊन मागं घेतली? वास येते? येईनच. ताराबाई म्हणतात मले, मासोळी बजारात कोणालेबी विचार. सकाळपासून रोहू अन् कतला कापून राह्यली. तुह्या दुकानात याचं म्हणून साबणानं हात घासले, तरी येते तं नाक धर अन् काम कर. पाटीवर तुहं नाव श्रीहरी लिहून हाय ना? मंग श्रीहरी, मले काय पाह्यजे ते सांगते, मधात बोलू नको. मले एसएसडी पाह्यजे. हो, नाव पाठ करून आली. चवथी शिकली मी, आकडे वाचता येतात, एबीसीडी दुकानाच्या पाट्या पाहून पाहून शिकली. ती जुनी तबकडी काढाची, तिच्या जागी एसएसडी टाकाची, अन् डबा आजच वापस पाह्यजे. उद्या नाई, परवा नाई, आज. ती चंद्रपूरले गेली बँकेच्या कामाले, संध्याकाळच्या बसनं येईन, तिच्या आत हा डबा घरी टेबलाखाली जसाच्या तसा पाह्यजे. ती मतलब माही सून. तिचाच हाय डबा. तिले मालूम नाई मी इथी आणला म्हणून. ऑटोवाल्यानं बी विचारलं, बाई, मासोळीच्या टोपलीत हे काय? त्याले म्हणलं, मरळ हाय, हात घाल, चावन.

मांड आता तुह्याकडं काय काय हाय ते. ही पातळ पट्टी काय, चघळाच्या गोंदावाणी? सगळ्यात तेज? बरं. अन् ह्या डब्यात लागते का ती? – नाई लागत. ह्याच्या बोर्डावर तिची जागाच नाई, बोर्ड जुना हाय. मंग दाखवली काऊन? गिऱ्हाइकाले भूल पाडाले? झिंगे घ्याले आलेल्या माणसाले मी मरळ हालवून दाखवते का? – दाखवते कधी कधी, पण माही गोष्ट वेगळी हाय, मरळ शिजवता तं येते घरी नेऊन. ही पट्टी नेऊन मी काय चुलीत घालू?

राह्यल्या ह्या दोन. दोन्ही चपट्या, दोन्ही काळ्या, एक स्वस्त, एक महाग. फरक काय? – नाई, तू नको सांगू, तू तं महागच चांगली म्हणशीन, मी बी तसंच म्हणते रोज. मले दोन्ही हातात दे. वजनच नाई बाप्पा. हे पाह्य, मासोळी घ्याची तं मी कल्ला उघडून पाह्यते. लाल हाय तं ताजी, तपकिरी पडला तं कालची. डोळा पाह्यते, बोट दाबून पाह्यते, खड्डा वर आला तं घेते, नाई आला तं ज्याची त्याले वापस. ह्याचा कल्ला कुठी हाय? तू नवी म्हणतो, डब्बी नवी हाय, पन्नी नवी हाय, आतली नवी हाय हे मले कसं समजन? मांगच्या साली आम्हाले एका दुकानदारानं – तुहं नाव नाई घेत, त्याचं बी नाई घेत – नवीन हार्ड डिस्क म्हणून कोणाचीतरी वापरलेली देल्ली, वरतं नवं स्टिकर. शिळ्या मासोळीवर बरफाचं पाणी मारलं का ती बी चमकते. तीच ही कट् कट् वाली. थोडं त्याचं पाप, थोडं खदानीचं. म्हणून म्हणते, कल्ला दाखव.

काय? कम्प्युटरले लावून दाखवतो? किती तास चालली ते आतच लिहून असते? पुसता नाई येत? – मंग हे आधी सांगाचं ना गा, इतका वेळ डब्ब्या काऊन नाचवून राह्यला. लाव. दाखव. कुठी? इथी? शून्य. अन् हिचं? शून्य. बरं. ताज्या हायेत दोन्ही. आज तुनं एक गोष्ट धड केली.

अन् हिच्यात फिरणारं काईच नाई? तबकडी नाई, सुई नाई? नुसत्या चिपा? थांब, कानाजवळ धरून हालवते. अरे सोड, पाडत नाई, रोज जित्या मासोळ्या धरते ह्या हातानं. हो, आवाज नाई. मतलब आमच्या घरी जमीन हालली तं हिले समजणार बी नाई. चांगलं हाय. घरात एक तरी वस्तू अशी पाह्यजे जिले काईच समजत नाई.

लहान घेऊ का मोठी, ते ती काम काय करते त्याच्यावर हाय? बॅनर करते. फ्लेक्स, फ्लेक्स – चौकात लागतात ना, ते. भाऊचा वाढदिवस, दादाची निवड, कोणाच्या आजीची तेरवी – तेरवीले बी बॅनर लागते आता, मेलेल्या बाईले बी पिवळ्या अक्षरात लिहितात. घुग्घुसच्या चौकात जेवढे लटकून हायेत त्याच्यातले अर्धे माह्या घरून जातात. खाली गोल गोल मुंडके असतात पाह्य शुभेच्छावाल्यांचे, ते सगळे तीच कापते, तीच बसवते. मी मासोळ्यांचे कापते, ती ह्यांचे कापते. एकाचं मुंडकं दुसऱ्यापेक्षा रतीभर लहान झालं का तो गाडी घेऊन दारात येते, मी काय कमी चंदा देल्ला का म्हणते. मंग मी बाहेर निघते. हातात कोयता असते – मुद्दाम नाई, काम चालू असते माहं – तं तो नमस्कार करून जाते, म्हणते, मुंडकं चांगलं हाय मावशी, राहू द्या.

एवढे मुंडके जुन्या तबकडीत मावाचे कसे? बॅनर उघडाले घेतलं का ते चक्र फिरत राह्यते काचेवर. ती डबा चालू करते, चुलीवर डाळ ठेवते, डाळ शिजते, फोडणी बसते, भाताचं आंधण येते, चक्र फिरतच. मी तिले म्हणलं बी, ह्याच्यापेक्षा तं मी हातानं चितारून देईन मुंडके. लहान एसएसडी ठेचून भरली तं ती बी मंद होते म्हणतो? हे समजलं मले. टबात जास्त कोंबल्या का सगळ्याच माना टाकतात. मोठी दे मंग. पैशाचं तू बोलू नको, बांधून आणले. नाई म्हणजे, नंतर बोलू, आताच तोंडाले पाणी नको सुटू देऊ.

अन् हे ऐक, मी तिची तारीफ करून राह्यली असं नको समजू. तशी नाईच ती तारीफ कराच्या लायकीची. कुरखेड्याची हाय, धानवाल्या घरची, मासोळी पाह्यली का पदर नाकाले. लग्न होऊन आली त्या हप्त्यातली गोष्ट, मीनं जिती मरळ आंघोळीच्या टोपात सोडून ठेवली होती – कुठी ठेवणार, टब सगळे भरून – ही गेली पाणी घ्याले, अन् अशी बोंबलली का वस्तीतल्या लोकाइले वाटलं मीनं सुनेले मारलं. आत्तापर्यंत मरळ साफ करता नाई येत तिले. मीठ टाकन तं चिमटीनं, जसं दवाई टाकून राह्यली. केस मोकळे सोडून त्या डब्यापुढं बसते, मी वेणी घाल म्हणलं का कानात वायर घालते. दोन महिने बोललो नाई आम्ही एकमेकीसंगं, एका चुलीवर. भांडे आपटून एकमेकीले समजवाचो. अन् मंग बोलाले लागलो तं कशावरून, तं त्या कोणाच्या बॅनरवरून. मले बोलावलं अन् म्हणे, आई, ह्याच्यात कोणाचं मुंडकं मोठं दिसते सांगा. मीनं सांगतलं, त्या मिशीवाल्याचं. तं म्हणे, बरोबर हाय तुमची नजर. तेव्हापासून प्रत्येक बॅनर जाच्या आधी मले दाखवते. पाह्यते मी, काय जाते माहं. मोठं लहान लगेच समजते, तराजूवर आयुष्य गेलं.

फक्त ते टकटक. दुपारी बजार उठला का मी घरी येते, जेवते, ओसरीवर अंग टाकते, अन् आतून ते बटणाचं टकटक चालू राह्यते – कोंबड्या दाणे टिपतात पाह्य, तसं, मधात थांबते, फिरून चालू होते. त्याच्यातच डोळा लागते. आता डबा बंद पडला तेव्हापासून डोळा नाई लागत. पडून राह्यते नुसती, भोंग्याची वाट पाहात. वय झालं, दुसरं काई नाई. तू पेच खोल, माह्या तोंडाकडं काय पाह्यतो.

पोरगा? पोरगा बाहेर हाय कामाले, भूपेश. हैदराबादकडं ट्रेलर चालवते. येते ना, काऊन नाई येईन, पोळ्याले येतो म्हणते. मांगच्या पोळ्याले बी म्हणला होता. त्याच्या मांगच्या – तुले काय कराचं हाय गा माह्या पोराचं? एसएसडीले पोराचं नाव लागते का? – बरं, आता विचारलंच तं ऐक, नाईतरी आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालेबी मालूम हाय. तिथी दुसरी ठेवली त्यानं. फोटो आला होता, माह्या सुनेच्याच फोनवर, कोणी धाडला त्याचे हात सडो. दोघंबी एका खाटेवर बसून, तिच्या मांडीवर लेकरू. सुनेनं मले आणून दाखवला. रडली नाई, बोंबलली नाई – टोपातल्या मरळीले बोंबलली होती, ह्याले नाई. म्हणे, आई, हे पाहा. मीनं पाह्यलं. मंग ती आत गेली, अन् कोण्या सरपंचाच्या वाढदिवसाचं बॅनर अर्धं राह्यलं होतं ते पुरं करत बसली. टकटक, टकटक. मी बाहेर बसून ऐकून राह्यली होती. माह्या हातून त्या दिवशी सगळ्या मासोळ्या तिरप्या कापल्या गेल्या.

तिचा बाप हाय केवळराम. चांगला माणूस हाय, त्याले वाईट म्हणता येत नाई हेच तं वाईट हाय. तो आला होता उन्हाळ्यात. ओसरीवर बसला, पाण्याच्या गिलासले हात नाई लावला, म्हणे, बाई, मी पोरगी आता कोणाच्या भरोशावर ठेवू इथी? पोरगा माहा, तोंड काळं माहं. मी खाली मान घालून खवले काढत राह्यली. तं आतून ही म्हणते – बाबा, माहं काम इथी हाय, माहा कम्प्युटर इथी हाय, माहे सगळे बॅनरवाले घुग्घुसचे, मी कुठी येऊ? मीनं नाई म्हणलं तिले थांब म्हणून. नाईच म्हणलं. कोणत्या तोंडानं म्हणणार? तिनंच म्हणलं. माही सासू इथी हाय असं नाई म्हणली ती, नको समजू. कम्प्युटर इथी हाय, असं म्हणली. चालते. मले चाललं ते.

समजलं आता तुले मी काऊन घाई करून राह्यली? डबा चालू होता तोवर ती होती. डबा बंद पडला, अन् केवळरामचा फोन आला, इतवारी गाडी घेऊन येतो. अन् ह्या खेपेले तिनं कामाचं नाव नाई काढलं, कम्प्युटरचं नाई काढलं. नुसती हो म्हणली. मले म्हणे, आई, राहू द्या आता तो डबा, होत नाई त्याच्यानं. कसा नाई होत? मी कामाची वस्तू अशी सोडत नाई. इतवारच्या आधी ते चक्र थांबलं पाह्यजे, बस. मंग पाह्यते ती काय सांगते बापाले.

काय, वारंटी? स्वस्तवालीले तीन साल अन् महागवालीले पाच. अन् मधात बिघडली तं कुठी आणाची? इथीच ना, तुह्या दुकानात, पावती घेऊन? – बस, झालं, पुढं नको सांगू, पुढचं तुहं भाषण मले नाई ऐकाचं. पाचवालीच दे. पाच साल तिले घुग्घुसलेच यावं लागन, कुरखेड्याहून एवढ्यासाठी कोण येते. हसून राह्यला? हस. मले बी मालूम हाय वारंटीनं कोणी कोणाले बांधून ठेवत नाई. लग्नानं नाई बांधल्या गेला माहाच पोरगा, सात फेरे अन् अख्ख्या वस्तीले जेवण देऊन. पण हातात काईतरी दोरी पाह्यजे ना गा. जाळ्याची दोरी हातात नाई तं तळ्यात उतरून फायदा काय.

बिल तिच्याच नावानं कर. दिव्यानी. लिही – दिव्यानी भूपेश – नाई, भूपेश नको लिहू. खोड ते. नुसतं दिव्यानी लिही. काऊन थांबला? पेन नाई चालत का? मधात बोलू नको, आधी माहं होऊ दे. ह्या जुन्या तबकडीतलं जेवढं हाय तेवढं सगळं ह्या नव्यात घ्याचं, समजलं? एक बी मुंडकं गायब नाई झालं पाह्यजे. लग्नाच्या पत्रिका हायेत, तेरवीचे हायेत, एक माहा बी फोटो हाय, मासोळीच्या टोपलीसंगं, तिनं मांग मोर टाकले अन् वरतं काईबाई लिहिलं, मी म्हणलं फाड ते, तं म्हणे कम्प्युटरमधलं फाडता नाई येत – तो बी घे. बोलू नको म्हणलं ना, किती वेळा तोंड उघडून राह्यला, पाण्याबाहेरच्या कतल्यावाणी. काय हाय? बोल. बोल आता, मीच म्हणते बोल.

कोण आली होती?

दिव्यानी? इथी? डबा घेऊन? – डबा घेऊन नाई. मंग? नुसती तबकडी घेऊन. जेवणाच्या डब्यात ठेवून, रुमालात गुंडाळून. स्टीलचा डबा, झाकणाले पोचा. हो. माहाच हाय तो, बजारात नेते मी. अन् तुनं काय केलं? – सगळं काढून देल्लं. ती लहानी डिस्क असते ती, पाकिटाएवढी, वायरनं कुठीबी लागते, पर्समध्ये मावते. तिच्यात देल्लं. मरत मरत निघालं पण सगळं निघालं. मुंडके, पत्रिका, सगळं. अन् ही तबकडी ती वापस घेऊन गेली. अन् वापस ह्याच्यात बसवून ठेवली, जशी होती तशी, पेच लावून.

मतलब मी जे टोपलीत उचलून आणलं, ऑटोत मांडीवर धरून आणलं, त्याच्यात तिचं आता काईच नाई.

तू इतका वेळ काऊन नाई सांगतलं गा? मीनं बोलू नको म्हणलं. म्हणलं तं म्हणलं, मी सगळ्यालेच म्हणते, कोणी ऐकते का? तुलेच ऐकाचं सुचलं. माह्या घराचं पोट फाडून ठेवलं मीनं तुह्या टेबलावर, पोरगा काढला, व्याही काढला, अन् तू पेचकस फिरवत बसला. – काय, नाव आत्ता समजलं? दिव्यानी म्हणलं तेव्हा समजलं? मंग आधी नाव विचाराचं होतं. आम्ही उधारीच्या गिऱ्हाइकालेबी आधी नाव विचारतो. तुहीच चूक हाय.

थांब. थांब जरा. तबकडी तिनं घरीच काढली ना? मतलब डबा तिनं उघडला. मी बजारात असन तेव्हा. उघडला तं हा कोंडा दिसला असन तिले. कसा नाई दिसन, पाह्य किती हाय, तुह्या अख्ख्या टेबलावर झाला. पंख्यात भरला होता, बुडाले साचला होता. अन् तिनं झाडला नाई. फुंकून टाकाले एक फुंक लागली असती, नाई टाकला. मले एक शब्द नाई म्हणली का आई, तुमच्या कोंड्यानं पंखा बसला, काय अक्कल हाय का तुम्हाले. तबकडी बसवली, पेच आवळले, अन् डबा वापस टोपल्यात ठेवला, कोंड्यावर, पोतं सारखं करून. – पोट्टी. असं करते का कोणी? भांडाचं ना. चार भांडे आपटाचे. भांडली असती तं मले समजलं असतं का अजून हाय म्हणून.

काय करून राह्यला? वापस काऊन ठेवतो डब्बीत? मीनं म्हणलं का तुले वापस ठेव म्हणून? एसएसडी काढ बाहेर. हे पाह्य, ती पाकिटाएवढी डिस्क घेऊन ती जाईन कुरखेड्याले, अन् लावन कुठी? धानाच्या कोठीले? म्हशीच्या शिंगाले? पाह्यलं हाय मीनं केवळरामचं घर, लग्न जुळवाले गेली होती. मोटरपंप हाय, टीव्ही हाय, बैलजोडी हाय. कम्प्युटर नाई. अन् घेऊन देणार बी नाई तो, चांगला माणूस हाय पण त्याले काय समजते त्याच्यातलं. दोन महिने पोरीले घरात ठेवन, मंग धानाच्या रोवणीले नेईन चिखलात. ही पोट्टी, जिले मीठ टाकता नाई येत, ती रोवणी करन का?

ती पाचवाली – तिची वारंटी दुसऱ्या गावी चालते का? कुरखेड्याले? – आत्ता तं म्हणला इथीच आणा लागते. – मीनं तुले पुढचं बोलू नाई देल्लं. बरं. मंग आता बोल पुढचं. कंपनीची हाय. कुठी बी चालते. तिथी सेंटर नाई, पण जवळच्या वडसा गावाले देता येईन. पावती पाह्यजे नुसती. मंग पावती त्या डब्याले आतून चिकटव, ती हरवते कागद, पत्ताकोबीत बी ठेवते.

लाव तीच. मोठी, पाचवाली. तिथी ब्लास्टिंग नाई, जमीन उभी राह्यते जागच्या जागी, तरी तीच लाव. नवीन विंडो काय म्हणतो ते टाक, पंखा धुऊन पुसून चालव, अन् माह्यासमोर चालू करून दाखव, मले ते चक्र दिसलं नाई पाह्यजे. अन् तिले सांगू नको मी आली होती म्हणून. मी टेबलाखाली ठेवते, ती पाहून घेईन. इतवारी केवळरामच्या गाडीत डबा मीच ठेवीन, ड्रायव्हरले हात नाई लावू देत, ते लोकं गॅसचं सिलिंडर टाकल्यावाणी टाकतात. तळाले कोंडा घालीन अन् वरतं – पंखा बंद असते ना गा गाडीत? बंद असते. मंग काय होते त्याले. ह्या तुह्या टेबलावरचा बी जमा कर, पन्नीत घाल, देऊन टाक मले, फेकू नको. बॅनर करन ती तिथून, फोनवर धाडन. अन् मुंडकं लहान-मोठं कोण पाह्यन ते पाह्यन.

मले पाणी नको. तुह्या दुकानात पाणी प्याले नाई आली मी.

ऐक. भोंगा. इथीपर्यंत येते आवाज. पेचकस ठेव खाली. डबा धर – तुह्या टेबलाचा काई भरोसा नाई – एका हातानं नाई, दोन्ही हातानं धर, लेकरू धरल्यावाणी, हां, छातीले लाव. आता बोलू नको.